नातूसंगोपनशास्त्र : सायंकाळचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरणात 'सायंकाळ' या संज्ञेने नातवांचे आईवडील एखाद्या स्वागत समारंभाला किंवा नाटकाला म्हणून घराबाहेर पडल्यापासून ते 'ट्रॅफिक फार होता' असे म्हणत परत येईपर्यंतचा काळ अभिप्रेत आहे. 'नातू' या संज्ञेखाली साधारण सात व चार वर्षांचे दोन सख्खे भाऊ येतात. ज्यांना एकच नातू आहे त्यांनी हे प्रकरण वाचण्याचे कारण नाही, कारण पक्ष आणि विरोधी पक्ष तयार होण्यास किमान दोन लागतात. 'आजी' म्हणजे घरात कोणाला काय सापडत नाही याची जबाबदारी जिच्यावर येते ती व्यक्ती.

या शास्त्राचा आधारग्रंथ म्हणजे सूचनापत्रक. पालक ते जाण्यापूर्वी फ्रिजवर चुंबकाने लावतात किंवा अर्ध्या वाटेतून व्हॉट्सअॅपवर पाठवतात, आणि त्यात जेवणाची वेळ, झोपेची वेळ, गोडावरील बंदी व पडद्यासमोर बसण्याची मर्यादा अशी कलमे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि जितकी कमी तितकी बरी, अशी सांगितली आहे. पालक तिचे अर्धे करून तीस मिनिटे लिहितात व खाली अधोरेखा मारतात. आजीने पत्रक आदरपूर्वक वाचावे, मात्र मोठ्याने वाचू नये, कारण मोठा नातू त्यातल्या पळवाटा ऐकताक्षणी शोधतो. पत्रकाचा कर्ता, म्हणजे आजीचा चिरंजीव, दूरदर्शनवर 'जंगल बुक' सुरू झाल्याशिवाय दुधाचा कप तोंडाला लावत नसे आणि भाताचा शेवटचा घास गालात धरून शाळेच्या रिक्षात बसत असे, हा इतिहास आजीला ठाऊक असतो. तो सुनेसमोर काढू नये. आजीची स्वतःची मालिका वरील तीस मिनिटांत धरावी की कसे, याविषयी शास्त्रात मतभेद आहेत. आजीच्या मते नाहीत.

दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसणे हा पहिला विधी होय. शुभंकरोती झाल्यावर जे पाठांतर मोठ्याने म्हटले जाते त्यास परवचा म्हणतात, आणि त्यात एके काळी तिथी, वार, महिने व नक्षत्रे यांच्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे असत, ज्यांपैकी शेवटचा साडेतीनचा. रुपये-आणे-पैच्या व्यवहारात त्यांचा उपयोग होता. १९५७ साली दशमान नाणी आली आणि ही गरज ओसरत गेली, तरी घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना ती बातमी फार उशिरा पोहोचली असावी, कारण आजच्या कित्येक आज्यांना औटकी अजून येते आणि ती का येते हे सांगता येत नाही. नातवांकडून तिची अपेक्षा ठेवू नये. बेचा पाढा दोघांनी मिळून म्हणावा, धाकट्याने प्रत्येक ओळीचा फक्त शेवट म्हटला तरी तो पाढा धरावा, आणि आरतीची घंटा एकच असल्यास पाढ्याआधीच दुसरी विकत आणावी. न्यू जर्सीत किंवा तत्सम प्रदेशात सहा महिन्यांसाठी गेलेल्या आज्यांपुढे वेगळाच पेच असतो: तिथे जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुलांना झोपवून मग तिन्हीसांज होते. अशा ठिकाणी पडदे ओढावेत आणि पंचांगाची क्षमा मागावी.

भांडण झाल्यास सुरुवात कोणी केली हे विचारू नये.

यानंतर खेळ. सापशिडी हा खेळ दिसतो तितका निष्पाप नसून त्याचा पूर्वज मोक्षपट होता, ज्याचा संबंध परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो आणि ज्यात शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे असत. आधुनिक पटावरून गुणांची नावे गेली, परंतु नव्व्याण्णवाच्या आसपासचा मोठा साप राहिला, आणि त्याच्या तोंडी धाकटा नातू गेला की मोक्षाऐवजी आकांत होतो. आजीने फासा असा टाकावा की तो सोफ्याखाली जाईल, तो काढण्यासाठी मोठ्याला पाठवावे, आणि तेवढ्यात धाकट्याची सोंगटी दोन घरे पुढे सरकवावी; हा दुर्गुण कोणत्याही पटावर नोंदलेला नाही. पत्त्यांमध्ये भिकार-सावकार हा खेळ बुद्धी लागत नसल्यामुळे चार वर्षांच्या मुलालाही जमतो, पण तो संपत नाही, म्हणून जेवणाआधी तो काढणारी आजी अननुभवी समजावी. मोठ्याला पाच-तीन-दोन शिकवण्याचे वय होत आले आहे: त्यास तीन भिडू आणि तीस पाने लागतात, म्हणजे अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सगळी आणि सत्त्यांपैकी फक्त इस्पिकची व बदामाची. तिसरा भिडू म्हणून आजोबांना बोलवावे.

आजोबांविषयी येथेच सांगितलेले बरे. ते मदत करतात, असे त्यांचे मत आहे. झोपेच्या पंधरा मिनिटे आधी मुलांना खांद्यावर घेऊन घोडा-घोडा खेळणे, दोघांनाही खदखदून हसवणे आणि मग 'आता तुझ्याकडे जाऊ देत' म्हणून वर्तमानपत्र उघडणे, या क्रियेला त्यांच्या परिभाषेत संगोपन म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वीही हेच होते. वर्तमानपत्रही तेच आहे.

जेवणाच्या बाबतीत पत्रकातील कलमे लांबलचक असली तरी अनुभवाने सिद्ध झालेला उपाय एकच, तो म्हणजे मऊभात, तूप आणि मेतकूट. मेतकूट म्हणजे भाजलेली हरभरा व उडदाची डाळ, तांदूळ, गहू, थोडी मेथी, हळद, हिंग वगैरे एकत्र दळून केलेले पीठ. ते डब्यात महिनोन्महिने टिकते आणि ऐनवेळी सर्वांची अब्रू वाचवते. भात शिजताना नेहमीपेक्षा बरेच अधिक पाणी घालावे, गरम असतानाच मीठ घालून डावाने घोटावा, तूप त्यावरच सोडावे आणि मेतकूट शेवटी, कारण गार भातात ते गोळ्या धरते व त्या गोळ्या धाकटा एकेक करून बाहेर काढतो. दोघांना एकाच ताटात भरवावे. काऊ-चिऊच्या घासांना सात वर्षांचा नातू नाक मुरडतो, परंतु धाकट्याच्या नावाने काढलेला चिऊचा घास तोच आधी पळवतो, असे निरीक्षण आहे. जेवणानंतर गुळाचा खडा देणे हे गोड देण्यात मोडत नाही. ते औषध आहे.

झोपवण्याच्या विधीत गोष्ट हा मुख्य भाग. ज्या आज्या 'चांदोबा' मासिकावर वाढल्या त्यांना विक्रम आणि वेताळ यांची पद्धत ठाऊक असते: वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न घालतो, राजा मौन सोडून उत्तर देतो आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. नातवांच्या बाबतीत ही व्यवस्था नेमकी उलटी असते. पाठीवर बसलेला वेताळ प्रश्न विचारतो, गोष्ट मात्र राजाला सांगावी लागते, आणि उत्तर दिले नाही तरी सुटका होत नाही. कावळ्याचे घर शेणाचेच का, पाऊस येणार हे त्याला हवामान खात्याने आधी का सांगितले नाही, आणि चिमणीने दार लवकर उघडले असते तर ती वाईट ठरली असती का, या प्रश्नांना शास्त्रात उत्तरे नाहीत. शेवटच्या प्रश्नाला तर कोणत्याच आजीने समाधानकारक उत्तर दिलेले नाही. चिमणीने बाळाला तीट लावेपर्यंत कावळ्याला बाहेर भिजत ठेवले, हे साठ वर्षे सांगूनही खटकले नव्हते. ते एका चार वर्षांच्या मुलाला खटकले, आणि त्यावर त्याने कावळ्याला आपल्या गादीवर जागा देऊ केली. अशा वेळी गोष्ट तिथेच थांबवून कावळ्याला आत घ्यावे. परंपरेचे काही बिघडत नाही.

दोघे झोपल्यावर लगेच उठू नये. धाकट्याच्या मुठीत पदराचे किंवा गाऊनचे टोक असते आणि मोठ्याचे गार पाय आजीच्या पोटऱ्यांवर असतात, तेव्हा उठण्याचा प्रयत्न फोल ठरतो. सरळ सांगायचे तर उठावेसेही वाटत नाही. गुडघे दुखत असतात, खरकटी भांडी तशीच पडलेली असतात, मालिकेचा भाग बुडालेला असतो आणि तरीही.

पालक परतल्यावर 'त्रास दिला का?' असे विचारतात, त्यावर 'छे, शहाणी मुलं आहेत' हे उत्तर द्यावे. सापशिडी, गूळ आणि पडद्याचा नेमका वेळ यांचा तपशील मागितल्याखेरीज देऊ नये, आणि मागितल्यास आजोबांकडे बोट दाखवावे. पालकांनाही एक विनंती: उशीर होणार असल्यास नऊच्या आत कळवावे, आणि येताना गुडघ्यांना चोळायचे मलम आणावे, घरातली बाटली संपली आहे.