हवाई अंतर

नंदुरबारला विमानतळ नाही. आप्पांचं त्यावाचून काही अडत नाही. कोणी नुसतं "पुण्याला निघालो" म्हटलं, की चष्मा कपाळावर चढतो. "हवाई अंतर तीनशे दहा. पाऊण तासाचं काम!" समोरच्याच्या नशिबी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान लटकवणं असतं. तो कसनुसं हसतो आणि पिशवी उचलतो.

असे आप्पा शहाद्यात आहेत, तळोद्यात आहेत, नवापुरात तर असणारच. बहुधा रिटायर मास्तर, पोरगं बाहेरगावी. आमचे आप्पा पूर्वी शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजायचे. मग पृथ्वीगोल आणला आणि त्यावर दोरा ताणू लागले. "पट्टी खोटं बोलते भाऊ, पृथ्वी गोल आहे." अमेरिकेचं विमान उत्तरेकडून वळसा का घेतं, हे त्यांनी मिरचीच्या पथारीवर हमालांनाही दोऱ्यानिशी पटवलंय.

दुबई मात्र खास आवडीची. "मुंबईहून चारला उडालं, की पावणेसहाला दुबईत!" ऐकणारा थक्क झाला की मग सावकाश चहाचा घोट. "उड्डाण सव्वातीन तासांचं. पण तिकडचं घड्याळ दीड तास मागं." आणि आपण उठायला लागलो की, "थांब, येताना कमी वेळ लागतो. पश्चिमेचा वारा पाठीशी असतो."

पोराला बंगळुरूत नोकरी लागली तेव्हा आप्पा पहिल्यांदा उडाले. "नंदुरबार-बंगळुरू हवाई अंतर हजाराच्या आत. दोन तास!" विमान सुरतहून. म्हणजे बंगळुरू आग्नेयेला आणि आपण आधी रेल्वेनं पश्चिमेला. पहाटे उठून आक्कांनी दशम्या केल्या. नवापूर आलं. या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आप्पांनी डब्यातल्या सगळ्यांना ते खिडकीतून दाखवलं आणि त्या भरात पाण्याची बाटली बाकावरच विसरले. पुढे सुरत स्टेशन, रिक्षा, विमानतळावरची रांग, तपासणीत आक्कांच्या लोणच्यावरून झालेला वाद, मग बसून राहणं, मग उड्डाण. बंगळुरूत उतरल्यावर विमानतळ ते पोराचं घर, दोन तास ट्रॅफिक. दार उघडलं तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले.

"कसा झाला प्रवास?" पोरानं विचारलं.

"फर्स्टक्लास! दोन तास म्हणालो होतो, एक तास बावन्न मिनिटांत आलो."

आक्का सोफ्यावर पाय चोळत बसल्या होत्या. "आणि बाकीचे पंधरा?"

"ते जमिनीवरचे. ते यात धरत नाहीत."

"बरं," आक्का म्हणाल्या, "मग स्वयंपाकाला मी अर्धा तास धरते. भाजी निवडायची तुम्ही, कांदा चिरायचा तुम्ही, भांडी तुम्ही. ते यात धरत नाहीत."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पोराला विचारलं, "अरे, इथून श्रीलंका किती असेल?"