क्युरेटर महोदय, इतका काटेकोरपणा बरा नव्हे!

प्रति,
मा. इलॅस्टिकसर्च क्युरेटर,
मुक्काम कमांड लाइन.

विषय : अलायस बदलताना आपण दाखवत असलेल्या अतिरेकी सावधगिरीबाबत तक्रार.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, इलॅस्टिकसर्चमधल्या इंडेक्सांची देखभाल करणारे आपण येण्यापूर्वी आमचे बरे चालले होते. रोजचे लॉग रोजच्या इंडेक्समध्ये जात, इंडेक्सच्या नावाला त्या दिवसाची तारीख लागे. शोधणाऱ्या प्रोग्रामने रोज नवे नाव कुठे पाठ करायचे? म्हणून अलायस. दारावरची पाटी तीच, आतले बिऱ्हाड बदलते. ‘लास्ट_वीक’ नावाची पाटी लावली की दर आठवड्याला नवे ७ इंडेक्स तिच्यामागे आणायचे आणि जुने ७ बाहेर काढायचे. हे १४ बदल आम्ही एकेक करून हाताने करायचो. निम्मे झाले की चहाला जायचो. तेवढ्यात कुणी अहवाल काढलाच, तर दोन आठवड्यांची सरमिसळ होऊन आकडे फुगलेले दिसत. साहेब खूश होत.

आपण हे सुख हिरावलेत. यामल फाइलमध्ये ‘अ‍ॅड’ आणि ‘रिमूव्ह’ असे दोन भाग करा, प्रत्येकात कोणते इंडेक्स घ्यायचे याचे निकष लिहा, असा आपला आग्रह. मग आपण याद्या काढणार, सगळे बदल एकाच विनंतीत पाठवणार आणि इलॅस्टिकसर्च ते एका दमात लागू करणार. झाले तर सगळे, नाहीतर काहीच नाही. अर्धवट अवस्था कुणाच्या दृष्टीसही पडत नाही. मग आमचे काम चालू आहे हे लोकांना कळायचे कसे?

दुसरी तक्रार आपल्या माहितीपुस्तकाबद्दल. त्यातल्या नमुना फाइलींमध्ये ‘डिसेबल_अ‍ॅक्शन’ हे कलम ‘ट्रू’ करून ठेवलेले असते. म्हणजे नमुना उचलून जसाच्या तसा चालवला, तर काहीही घडत नाही. तसे फाइलीच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलेलेही आहे. पण फाइलीचे डोके वाचायचे, तर नमुना कशासाठी असतो? नक्कल करणाऱ्या कष्टकरी वर्गावर हा उघड अन्याय आहे.

तिसरी तक्रार तारखांची. नावातली तारीख ओळखायची तर छोटा ‘एम’ म्हणजे महिना आणि मोठा ‘एम’ म्हणजे मिनिट. आठवडा सुरू होतो रविवारी, सोमवार हवा असेल तर तसे लिहून द्यायचे. लॉग गोळा करून पाठवणाऱ्या लॉगस्टॅशच्या इंडेक्सची तारीख यूटीसीप्रमाणे बदलते, म्हणजे आमच्याकडे पहाटे साडेपाचला. भारतीय माणसाने मध्यरात्री उठून काम उरकले, तर त्याचा ‘आज’ आपल्या लेखी अजून ‘काल’च असतो. हा काटेकोरपणा नव्हे, महोदय, हा हिशेबीपणा आहे.

सर्वांत खुपते ते आपले अडून बसणे. निकषात एकही इंडेक्स बसला नाही, की आपण कामच थांबवता. आमच्यातल्या जाणत्यांनी यावर उतारा शोधला : ‘वॉर्न_इफ_नो_इंडायसेस’ चालू करा. मग आपण नुसती सूचना नोंदवता आणि पुढे जाता. नव्या व्यवस्थेत काढण्याजोगे जुने इंडेक्सच नसतात, तिथे ही सवलत रास्तच आहे. पण समजा, ‘अ‍ॅड’च्या निकषात एक अक्षर चुकले. मग नवे कुणी येत नाही, जुने मात्र शिस्तीत बाहेर पडतात. शेवटचा इंडेक्स निघाला की अलायसच नाहीसा होतो. त्या नावावर कुणी माहिती लिहीत असेल, तर इलॅस्टिकसर्च आपल्या मूळ सेटिंगनुसार त्याच नावाचा खराखुरा इंडेक्स उघडून देते. आता अलायस परत लावू म्हटले, तर त्या नावाचा इंडेक्स आधीच आहे म्हणून नकार! ही सवलत चुकीची वापरली तर नको ते परिणाम होऊ शकतात, असा इशारा आपण पुस्तकात आधीच देऊन ठेवला आहे. म्हणजे नंतर ‘कुणी सांगितलेच नाही’ म्हणायचीही सोय नाही.

आणि ते ‘ड्राय-रन’! काय होईल ते आधी लॉगमध्ये लिहून दाखवणार, हात मात्र कशालाही लावणार नाही. एवढे स्वच्छ दिसल्यावर धाडस कशाला म्हणायचे? रात्री दोनला धाडधाड कमांडी मारून सर्व्हर वाचवणाऱ्या वीराचे कंपनीत कौतुक होते. संध्याकाळी पाचला ड्राय-रन वाचून एक ओळ सुधारणाऱ्याचे नाव कोण घेतो?

तरी आमची एकच मागणी आहे. आपल्या पुढील आवृत्तीत ‘दोष’ नावाचा एक अलायस कायमचा तयार करून द्यावा. ‘अ‍ॅड’मध्ये गेल्या महिन्यात रुजू झालेला मुलगा, ‘रिमूव्ह’मध्ये आम्ही, आणि दोन्ही बदल एकाच विनंतीत, म्हणजे मधल्या क्षणीही त्या पाटीमागे आम्ही कुणाला दिसणार नाही. या एका ठिकाणी आपला काटेकोरपणा आम्हांला पूर्णपणे मान्य राहील.

कळावे,
आपला,
पुस्तक न उघडणारा एक अनुभवी कर्मचारी