पॉटच्या दोन तृतीयांश

पत्ते खेळणाऱ्यांच्या जाती घरोघरी ठाऊक असतात. गौरीच्या जागरणाला तीन पत्तीचा अड्डा मांडणारे मामा, पानं शेजाऱ्याला दिसतील अशी धरणाऱ्या मावशी, हरल्यावर ‘आज पानंच आली नाहीत’ म्हणत उठणारे काका. अलीकडे त्यात एका जातीची भर पडली आहे. या माणसाला पानं कोणती आली याचं फारसं सोयरसुतक नसतं. किती लावायचे, एवढाच त्याचा प्रश्न असतो. पोकरमध्ये किती लावायचे ते ठरवण्याला साइझिंग म्हणतात, तेव्हा खरं आडनाव काहीही असो, आमच्यात त्याला साइझिंगकर म्हणतात.

साइझिंगकर बाणेरला राहतो, संगणकावर पोट भरतो आणि ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत ‘मी जुगार खेळत नाही, पोकर खेळतो’ हे सांगून मोकळा होतो. तो खेळतो तो नो-लिमिट होल्डेम, तोही कॅश गेम. दोन पानं हातात, पाच हळूहळू टेबलावर उघडणार आणि लावायच्या रकमेला वरची हद्दच नाही. समोर असतील तेवढ्या सगळ्या चिप्स कधीही पुढे ढकला. तीन पत्तीत चाल नियमानं बांधलेली असते, त्यामुळे मामांना कधी विचार करावा लागला नाही. इथे पॉटमध्ये, म्हणजे टेबलाच्या मध्ये जमलेल्या पैशांत, 1000 रुपये असले तर तुम्ही 300 लावू शकता, 700 लावू शकता, वाटलं तर 5000 लावू शकता. इतकं स्वातंत्र्य मिळाल्यावर बहुतेक माणसं हाताला लागेल ती चिप टाकतात. साइझिंगकर विचारात पडतो.

हा विचार घरीही सुटत नाही. लग्नाच्या आहेराला पाकिटात 501 घालायचे की 1001, यावर तो अर्धा तास घेतो. ‘501 घातले तर आपण कमजोर आहोत हे कळतं, आणि 2001 घातले तर पुढच्या वेळी ते आपल्याकडून तेवढ्याचीच अपेक्षा धरतात.’ वहिनी शेवटी स्वतःच पाकीट चिकटवतात. त्यांचं नवऱ्याच्या खेळाबद्दलचं मत एका वाक्याचं आहे: ‘किती लावले ते सविस्तर सांगतात, किती उरले ते विचारलं की झोप येते.’

2025च्या ऑगस्टपर्यंत त्याचं बरं चाललं होतं. तो फोनवर खेळायचा आणि पडद्यावर तयार बटणं असायची: तेहतीस टक्के, पन्नास, पंचाहत्तर. बोट ठेवलं की पैशापर्यंत अचूक रक्कम लागायची. मग संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि बटणं गेली. घराजवळ दुसरी सोय नाही. महाराष्ट्रानं 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 साली रद्दही करून टाकला. न वापरलेली वस्तू माळ्यावरून काढून भंगारात द्यावी इतक्या शांतपणे. गोव्यानं मात्र 1996 साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून जहाजांवर जुगाराला वाट करून दिली होती. पणजीला मांडवीत ती जहाजं झगमगत उभी असतात. गोंयकारांना आत जाऊन खेळायला बंदी, बाहेरून येणाऱ्यांचं स्वागत. तेव्हा साइझिंगकर निघाला आणि सोबत म्हणून मला घेतलं.

चोर्ला घाट उतरताना त्यानं मला जे शिकवलं ते चुकीचं नव्हतं, हे आधी सांगतो. पॉटमध्ये 1000 आहेत आणि तुम्ही 500 लावले, तर समोरच्याला 500 घालून एकूण 2000चा पॉट मिळू शकतो. म्हणजे चार डावांत एकदा जिंकला तरी त्याचं नुकसान नाही. पूर्ण 1000 लावले तर त्याला तीनात एकदा जिंकावं लागतं. उलट बाजूनं बघा. तुमच्या हातात काही नाही, नुसती थाप मारताय. मग अर्ध्या पॉटची थाप तीनात एकदा पचली की पुरे, पूर्ण पॉटची दोनात एकदा पचायला हवी. ‘म्हणजे मोठी थाप महाग,’ मी म्हणालो. ‘थाप नाही रे, ब्लफ,’ तो दुखावून म्हणाला.

खरी गंमत पुढची. टेबलावरची पहिली तीन पानं उघडली की फ्लॉप, चौथं उघडलं की टर्न, पाचवं उघडलं की रिव्हर, अशा आणखी तीन वेळा पैसे लावता येतात, आणि दर वेळी पॉट फुगलेला असतो. 1000च्या पॉटवर तिन्ही वेळा अर्धा पॉट लावत गेलात तर 500, 1000, 2000 मिळून 3500 जातात. तिन्ही वेळा पूर्ण पॉट लावला तर 1000, 3000, 9000. एकूण 13000! सुरुवातीला केलेला छोटासा फरक शेवटी माणसाला बसस्टँडवर झोपवू शकतो. म्हणून जाणते खेळाडू समोर किती चिप्स उरल्या आहेत ते पाहून पहिल्याच वेळी बेत आखतात. 2015च्या सुमारास ‘सॉल्व्हर’ नावाची सॉफ्टवेअर बाजारात आली, तेव्हापासून हा हिशेब घरबसल्या मांडता येतो. साइझिंगकरचा लॅपटॉप रात्रभर तोच हिशेब मांडत असतो. वहिनी म्हणतात, पंख्याचा आवाज येतो.

फक्त एक अडचण आहे. सॉल्व्हर धरून चालतो की समोरचाही सॉल्व्हरच आहे.

जहाजावर समोर बसला होता सुरतेचा एक बिल्डर. त्याच्या हातात लिंबूपाणी, नजर मागच्या स्टेजवरच्या नाचाकडे, आणि पानं आली की तो ती एकदाच बघून ‘देखते हैं’ म्हणे. ‘देखते हैं’ याचा अर्थ कॉल, समोरच्यानं लावले तेवढेच घालणं. 400 लावा, देखते हैं. 4000 लावा, तरीही देखते हैं. अशा माणसापुढे काय करायचं हे कुठलाही पुस्तकी खेळाडू सांगेल, साइझिंगकरनंही घाटात सांगितलं होतं: थाप मारायचीच नाही, पानं चांगली आली की दणकून लावायचे. पण दणकून म्हणजे नेमके किती, इथे गाडी अडायची.

100-200च्या ब्लाइंडचं टेबल, म्हणजे पानं बघायच्या आधीच एकानं 100 आणि पुढच्यानं, बिग ब्लाइंडनं, 200 घालायचे. साइझिंगकरला एक्का-राजा आला. त्यानं 600 केले, बिल्डरनं बिग ब्लाइंडवरून ‘देखते हैं’ केलं. बाकीचे गेले, पॉट 1300. फ्लॉपला राजा, सत्ती, दुरी. ‘पॉट किती आहे?’ साइझिंगकरनं डीलरला विचारलं. नो-लिमिटमध्ये डीलर पॉट मोजून देत नाही, तो फक्त चिप्स नीट पसरून दाखवतो. या पोरानं पसरल्या आणि हसला. साइझिंगकर ओठ हलवत मोजत बसला. एक तृतीयांश म्हणजे 433 रुपये 33 पैसे. सगळ्यात लहान चिप 100ची. त्यानं 400 ठेवले, पण चेहरा असा की कोणी मापात फसवलंय. देखते हैं. पॉट 2100. टर्नला चौकी. दोन तृतीयांश म्हणजे बरोबर 1400! त्याला झालेला आनंद टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिला. देखते हैं. पॉट 4900.

रिव्हरला नव्वी आली आणि बिल्डरनं न विचारता 500 टाकले. 4900मध्ये 500! दहा टक्के! साइझिंगकर हादरला. हे माप कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं. पाणी प्यायला. बिल्डरकडे पाहिलं, तो स्टेजकडे पाहत होता. चिप्सची एक थप्पी उचलली, खाली ठेवली, दोन बोटांनी तिचे तीन भाग केले, पुन्हा एक केली. शेजारच्या दिल्लीकरानं जांभई दिली. अखेर त्यानं निर्णय घेतला, रक्कम वाढवायची, 5000चा रेझ, आणि 5000ची एकच देखणी चिप, तोंडातून अक्षर न काढता, अलगद मध्ये सोडली.

‘कॉल,’ डीलर म्हणाला.

‘रेझ!’ साइझिंगकर ओरडला.

‘सर, समोर बेट असताना एकच चिप टाकली आणि काही बोलला नाहीत, तर तो कॉल धरतात.’ पोरानं 500 पॉटमध्ये घेतले आणि 4500च्या चिप्स मोजून परत सरकवल्या. नियम जवळपास जगभर हाच आहे. साइझिंगकरला तो पाठ आहे, मलाही त्यानंच साताऱ्याच्या आसपास सांगितला होता.

बिल्डरनं पानं उघडली: राजा-पंजी. साइझिंगकर जिंकला. ‘अरे भाई,’ बिल्डर कळवळून म्हणाला, ‘बोलना था ना! मैं तो दे देता.’ ही सहानुभूती ऐकून जिंकणाऱ्याचा चेहरा हरणाऱ्यापेक्षा वाईट झाला. पुढच्या डावात बिल्डरनं दोन हजार लावले. का, असं विचारल्यावर म्हणाला, जेवण संपायच्या आत उठायचंय.

पहाटे जहाजावरून धक्क्यावर यायच्या छोट्या बोटीत साइझिंगकर फोनवर काहीतरी टिपत होता. मला वाटलं, ‘रक्कम तोंडानं सांगायची’ असं लिहीत असेल. वाकून पाहिलं. लिहिलं होतं: ‘रिव्हर रेझ. 5000 कमी. 5800 हवे होते.’