क्रीडाक्षेत्रातील घोडदौड

आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेचा वार्षिक क्रीडा अहवाल स्नेहसंमेलनात ऐकला आणि ऊर भरून आला. मैदान लग्नसराईला भाड्याने दिल्यामुळे मुलींचा खो-खोचा संघ व्हरांड्यात घडला. नियमाचं 27 मीटर लांबीचं मैदान तिथे 9 मीटरवर आल्याने धावण्याचे श्रम दोन तृतीयांशांनी वाचले. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. क्रीडाशिक्षक मतदार याद्यांच्या कामावर होते, त्यामुळे संघाला स्वावलंबनाचे धडेही मिळाले. पी.टी.चा तास अर्थातच गणिताला.

29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन थाटात झाला. शाळेत हॉकी स्टिक नसल्याने ध्यानचंदांच्या तसबिरीपुढे क्रिकेटची बॅट ठेवली, तिलाही हार घातला. ‘खेळाचे महत्त्व’ या विषयावर पाहुणे दीड तास बोलले. मुलं उन्हात मांडी घालून बसली होती. सहनशक्तीचा सराव वेगळा घ्यावा लागला नाही.

एवढं करूनही तालुक्याचा चषक आलाच! पुढच्या वर्षी व्हरांड्याचीही अडचण नको, संघ थेट कागदावरच उतरवावा, अशी नम्र सूचना मी केली आहे. ती विचाराधीन आहे.

चषकाचा फोटो कार्यालयात लागलाय. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मांडववाले. डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते कर्णधार मुलीचं असावं, असं शिपाईमामा म्हणाले.