कात्री एक, हुकूम चार

बराकपूर ही ब्रिटिशांच्या भारतातल्या सर्वांत जुन्या छावण्यांपैकी एक. मार्च 1857 मध्ये मंगल पांडेने हुकूम झुगारला तो इथेच. गावातल्या सलूनवाल्याला मात्र ती सोय नाही.

खुर्चीच्या हातांवर आडवी फळी, फळीवर पाच वर्षांचं पोरगं, गळ्याभोवती चादर, हातात मोबाइल. बदलीवर आलेले फौजी बाबा फर्मावतात, "दादा, मशिन मारा, कानावर केस दिसता कामा नये." आई म्हणते, "पुढून राहू द्या हं, शाळेत फोटो आहे." नागपूरची आजी व्हिडिओ कॉलवर, "अरे, आज शनिवार ना?" शनिवार आजीला चालत नाही आणि गुरुवार शेजारच्या बंगाली काकूंना, लक्ष्मीचा वार म्हणून. उरतो रविवार. त्या दिवशी अख्खी छावणी बाकावर बसलेली.

ज्याचं डोकं, त्याला कुणी विचारत नाही.

1890 च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, विधवांचं केशवपन करायला साफ नकार दिला होता. भल्याभल्या घरांचा हुकूम तेव्हा वस्तऱ्यानेच मोडला. बराकपूरचा कारागीर इतक्या थराला जात नाही. तो बाबांना "होये जाबे" (होऊन जाईल) म्हणतो, आईला "होये जाबे" म्हणतो, मोबाइलमधल्या आजीलाही मान डोलावतो आणि गेल्या महिन्यात कापले होते तसेच केस कापतो.

सगळे खूश. मग बाबा पाकीट काढतात, "लहान मुलाचे अर्धेच ना?"