पेट्रोलही सुरात

झाक देमीच्या 'द अंब्रेलाज ऑफ शेरबूर' (1964) या फ्रेंच चित्रपटात सगळे सगळंच गातात. प्रेमिकांचं समजू शकतो. पण थकबाकीचा तगादा, अल्जेरियाच्या युद्धावरचं बोलावणं, तेही मिशेल लग्रांच्या चालीवर! आपल्या संगीत नाटकात निदान दोन पदांमध्ये दम खायला गद्य असतं. इथे तीही सोय नाही. सुरुवातीलाच गॅरेजमधला एकजण कुरकुरतो, की ऑपेरातली ती गाणारी माणसं नकोत, सिनेमा बरा. कुरकुर अर्थातच गाऊन. नायिका कात्रीन दनव्ह, गळा मात्र दानियेल लिकारीचा. म्हणजे उसना आवाज ही काही फक्त मुंबईची मिरास नाही. शेवटी बर्फात, पेट्रोल पंपावर ताटातूट झालेले दोघे भेटतात. आपण रुमाल काढतो, आणि पंपावरचा पोऱ्या सुरात विचारतो: सुपर की साधं?