काकांची कॅपिटल रिपेअर

भिलाईत सेक्टर म्हटला की शाळा आली, बाजार आला, मैदान आलं आणि पद्मिनीवाले एक काका आले. पद्मिनी दारात उभी असते आणि काका तिच्याखाली आडवे असतात. सकाळी फिरायला निघालेली माणसं पायांना नमस्कार करून पुढे जातात.

आमचे काका इथल्या स्टील प्लांटच्या रेल मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. वडील विदर्भातून आलेले. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हाचे. रशियन साहेबांची शिस्त काकांकडे वारसाहक्कानं आली. मीटरला 60 किलो भरणारा रूळ अर्ध्या मिलिमीटरनं चुकला, तर पाळी संपली तरी ते वाद घालत बसायचे म्हणे. आणि याच गृहस्थांच्या गाडीचं स्टिअरिंग चार बोटं फिरलं, की मग कुठे चाकाला त्याची खबर लागते!

“प्ले लागतोच हो,” काका म्हणतात. “रुळांमध्ये फट ठेवत नाहीत का?”

मी एकदा म्हटलं, काका, सांधे कमी व्हावेत म्हणून तुमचाच प्लांट आता 260 मीटरचे रूळ रेल्वेला देतो.

“म्हणूनच मी रिटायर झालो.”

खरा दोष टाउनशिपच्या रस्त्यांचा आहे. सेंट्रल एव्हेन्यूसारखा रुंद, सरळसोट रस्ता मिळाल्यावर स्टिअरिंग झिजलंय हे कळणार कसं? ते कळतं सुपेल्याच्या बाजारात. समोर हातगाडी, बाजूला ई-रिक्षा, मध्ये निवांत म्हैस, आणि काका विहिरीवरचा रहाट ओढावा तसं स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवत असतात.

पूर्वी त्यांचा इलाज एकच होता. स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळायचा. गाडी आयुष्यभर जास्त करून सरळच जाते, त्यामुळे बॉक्समधले दाते मध्यावर सर्वांत जास्त झिजतात. तिथला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, की वळणावर, जिथे दाते अजून शाबूत असतात, तिथे सगळं जाम. एकदा सिव्हिक सेंटरच्या चौकात उजवीकडे वळलेलं स्टिअरिंग परत यायलाच तयार होईना. काका शांतपणे आणखी एक फेरी मारून आले. “चौक पाहून घेतला,” म्हणाले.

त्यानंतर मात्र ‘कॅपिटल रिपेअर’ जाहीर झाली. प्लांटमध्ये भट्टीची होते, इथे पद्मिनीची. शनिवार ते सोमवार शटडाऊन. काकू ड्रायव्हरच्या सीटवर. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण थांबलेल्या गाडीचं स्टिअरिंग हलवण्याचा त्यांच्याइतका अनुभव जिल्ह्यात कुणाला नसेल. खालून आवाज येतो, “डावी! उजवी! अगं, हळू!” काका एकेका सांध्यावर पंजा ठेवून पडलेले. दांडा हलला आणि पुढचा दांडा क्षणभर उशिरा हलला, की तो सांधा गेला. टाय रॉड एंड गेलेला, आयडलर आर्मचा बुश गेलेला, किंग पिनही गेलेली.

“अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,” वरून काकू.

“परमिटशिवाय जागा सोडायची नाही!”

मेकॅनिक पोरगा हसत म्हणाला, “कका, सब्बो नवा लगवा ले.” पण नवं मिळतं कुठे? कुर्ल्याहून पद्मिनी यायची बंद झाली त्याला पाव शतक झालं. मुंबईत टॅक्सी म्हणून उरलेली शेवटची पद्मिनीसुद्धा 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेलेले काका किंग पिनचा सेट घेऊन परतले. लग्नाचा एकही फोटो नाही. किंग पिनचे सात आहेत.

जुना टाय रॉड एंड सुटेना. काकांनी नट सैल केला, सांध्याच्या एका अंगाला जड हातोडा टेकवून धरला आणि समोरून दुसऱ्यानं ठोका घातला. टक्‌! सांधा मुकाट्यानं खाली आला. अशा वेळी माणसाची विद्या दिसते, हे कबूल केलं पाहिजे. मग जुना एंड रॉडमधून काढताना ते आटे मोजू लागले, कारण नवा तेवढाच आत बसवला तर चाकांची दिशा फारशी बिघडत नाही. अकरावर असताना शेजारचे बॅनर्जीबाबू विचारायला आले, आज पाणी किती वाजता येणार? काका म्हणाले, “साडेसहा.” आणि पुढे मोजलं, “साडेसात...”

अखेर मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून त्यांनी चाकं सरळ केली. सोमवारी ट्रायल. प्ले शून्य! काकांनी सवयीनं चार बोटं स्टिअरिंग फिरवलं, आणि पद्मिनी ताबडतोब बॅनर्जीबाबूंच्या मेंदीच्या कुंपणात.

“फार सेन्सिटिव्ह झाली,” काका पानं झटकत म्हणाले. जुने सांधे त्यांनी डालड्याच्या डब्यात ठेवले. वर खडूनं लिहिलं, ‘चालू’.

आता पद्मिनीत करण्यासारखं काही उरलं नाही, त्यामुळे काका बेचैन आहेत. काल माझी मारुती गेटातून आत येताना त्यांनी कान टवकारले.

“रॅकमध्ये आवाज आहे तुमच्या. रविवारी शटडाऊन घ्या.”

मी म्हटलं, अहो, रविवारी पाहुणे आहेत.

“मग तर माणसंही आहेत. स्टिअरिंगवर काकूंना पाठवतो.”